विमानाचा एक तास, आमचे आठ तास

माझं घर मी पहिल्यांदा आकाशातून बघितलं, तेव्हा त्या घरातून निघून मला सहा तास झाले होते.

वाक्य चुकलेलं नाही. रात्री सव्वादोनला तलासरीतून निघाले. सकाळी सव्वाआठच्या सुमारास विमानाच्या उजव्या खिडकीतून खाली बघितलं, तर हायवेची राखाडी रेघ दिसली, तिच्या बाजूला कुर्झे धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं. त्या पाण्यावरून अंदाज घेत मी घराची जागा शोधली. घर म्हणजे अर्थात एक हिरवा ठिपका, इतक्या उंचीवरून कौलं कोण मोजणार! पण जागा तीच. रात्रभर जागून, जाम झेलून, सिक्युरिटीच्या रांगेत बूट काढून मी परत घरावरच आले होते. फक्त कितीतरी हजार फूट वर. आणि मुंबईहून इथवर यायला विमानाला लागली होती जेमतेम बारा-तेरा मिनिटं.

झालं असं की मागच्या वर्षी पीजी ॲडमिशनच्या मुलाखतीसाठी मला अहमदाबादला जायचं होतं. सकाळी अकराला रिपोर्टिंग. आमच्या घरात तोवर कोणी विमानात बसलेलं नव्हतं. बोरिवलीच्या मामाने फोनवर निकाल देऊन टाकला, ‘अगं, ट्रेनने कशाला मरतेस? मुंबई-अहमदाबाद एका तासाचं काम. विमानाने जा, फ्रेश पोचशील.’ बाबा शेजारी बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, ‘मुंबई आपल्या मागे आहे, अहमदाबाद पुढे. पुढे जायला मागे कशाला जायचं?’ मला ते तेव्हा फारच गावाकडचं लॉजिक वाटलं. मी मोबाइलवर अंतर टाकलं. मुंबई ते अहमदाबाद, विमानतळ ते विमानतळ, साधारण ४४० किलोमीटर. वेळ, एक तास आणि काही मिनिटं. मामा जिंकला.

तो आकडा खोटा नव्हता, हे आधी सांगते. तो तुम्ही नेट न वापरताही काढू शकता. दहावीचा भूगोल आठवा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तरेला, अहमदाबादचा २३.०८ अंशांवर. फरक जवळजवळ चार अंश. चार गुणिले १११, झाले ४४४. दोन्ही शहरं जवळपास एकाच रेखांशावर आहेत, एक दुसऱ्याच्या डोक्यावर असल्यासारखी, म्हणून एवढ्या सोप्या गुणाकारात काम होतं. मुंबई-दिल्ली किंवा मुंबई-लंडनला हे चालणार नाही. तिथे पृथ्वीच्या गोलाईवरचं सगळ्यात कमी अंतर काढावं लागतं आणि नकाशावर ते वाकडं दिसतं. आपल्याला इथे त्या भानगडीत पडायची गरज नाही.

आता पट्टी घ्या आणि नकाशावर या दोन विमानतळांमध्ये रेघ ओढा. ती कुठून जाते माहितीये? डहाणू रोड स्टेशन डावीकडे सात-आठ किलोमीटरवर राहतं आणि तलासरी उजवीकडे साधारण तेवढ्याच अंतरावर. म्हणजे रेघ बरोबर आपल्या मधून जाते! प्रत्यक्षात विमानं पट्टीने आखल्यासारखी उडत नाहीत. एअर ट्रॅफिक कंट्रोल वळवेल तशी वळतात, समुद्राकडून किंवा आतून जातात. पण लहानपणी खळ्यात झोपून आम्ही जे लुकलुकणारे लाल-पांढरे दिवे मोजायचो, त्यातले किती या रेघेवरचे असतील, हे मला ती पट्टी ठेवल्यावर कळलं. तुमच्यातले जे बोर्डी, घोलवड, झाई, उधवा, आशागड भागातले आहेत, त्यांनीही ते दिवे मोजले असणारच.

तर मुद्द्यावर येऊ. ४४० किलोमीटर. प्रवासी जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार केला तर ३३ मिनिटं होतात. मग तिकिटावर सव्वा तास का लिहिलेला असतो?

याचं उत्तर शोधताना मला खरी मजा आली. एक तर तिकिटावरची वेळ विमान हवेत गेल्यापासून मोजतच नाहीत. गेटवरून मागे ढकलल्यापासून ते दुसऱ्या शहरात गेटला लागेपर्यंतचा वेळ तो. त्यात रनवेपर्यंत रांगत जाणं आलं, पुढच्या विमानांमागे थांबणं आलं, उतरल्यावरचं रांगणं आलं. मुंबईला दोन रनवे आहेत खरे, पण ते एकमेकांना कापून जातात, त्यामुळे दोन्हीवरून एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं सोडता येत नाहीत. आपल्या दादरच्या ब्रिजसारखं समजा. जिने दोन असले तरी गर्दी शेवटी एकाच जागी येते.

दुसरं म्हणजे विमान तो ८००चा वेग फार कमी वेळ धरतं. मुंबईहून बहुतेक वेळा ते पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने उडतं. म्हणजे उत्तरेला जायचं असूनही आधी भलतीकडे जाऊन मग वळायचं. (बाबांचं लॉजिक विमानालाही लागू नाही तर!) मग चढाई. अहमदाबादला उतरायच्या दीड-पावणेदोनशे किलोमीटर आधीपासूनच उतरणीला सुरुवात करावी लागते. चढायला शंभर-दीडशे किलोमीटर, उतरायला तेवढेच किंवा थोडे जास्त. मग सरळ आणि जोरात उडायला उरतं किती? डहाणूवरून जाताना विमान अजून चढतच असतं. एअर होस्टेस पाण्याची ट्रॉली घेऊन शेवटच्या रांगेपर्यंत पोचते न पोचते तोच पायलट लँडिंगची घोषणा करतो.

म्हणूनच लांबचा प्रवास विमानाला परवडतो. मुंबई-दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर, म्हणजे अहमदाबादच्या अडीचपटीहून जास्त. वेळ मात्र सव्वादोन तासांच्या आसपास, दुप्पटही नाही. रांगणं, चढणं, उतरणं हा खर्च दोन्हीकडे सारखाच. रिक्षाच्या मिनिमम भाड्यासारखा. कोपऱ्यावर उतरलात तरी तेवढे द्यायचेच.

पण माझा दिवस या सव्वा तासाने खाल्ला नाही. त्याच्या आधीच्या वेळेने खाल्ला.

डोमेस्टिक विमानाचं चेक-इन काउंटर साधारण सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतं. माझं विमान सकाळी ७:४०चं. म्हणजे ६:४० ही शेवटची वेळ. मला पहिल्यांदाच जायचं, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की सहाला आत असायचं. तलासरीहून विमानतळ रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कागदावर अडीच तास. पण हायवेच्या या पट्ट्यात कागदावर कोण विश्वास ठेवतं? चारोटी, मनोर, खानिवडे आणि शेवटी वसईच्या खाडीचा वर्सोवा पूल आणि घोडबंदरचं वळण. यातल्या कुठल्या ठिकाणी ट्रेलर आडवा पडलेला असेल, हे फक्त त्या रात्रीलाच माहीत. म्हणून सव्वादोनला निघालो. शेजारच्या काकांची इको, अडीच हजार रुपये ठरवून, सोबत बाबा. कारण रात्री एकटीला कोण सोडणार! मनोरच्या पुढे पाऊण तास नुसते उभे होतो. समोरच्या ट्रकवरची चित्रं मला अजून पाठ आहेत. पोचलो सहाला दहा कमी असताना. बाबा तसेच त्याच इकोने परत गेले.

विमान २५ मिनिटं उशिरा, आठ-पाचला उडालं. सव्वाआठच्या पुढे ते घर, ते धरण. मी शेजारच्या काकूंना बोट दाखवून म्हटलंसुद्धा, ‘ते बघा, माझं गाव.’ त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, ‘मग तुम्ही इथूनच का नाही आलात?’ मी हसले. काय सांगणार!

नऊ-पाचला अहमदाबादला चाकं टेकली, साडेनऊला बाहेर, कॅबने साडेदहाला त्या संस्थेच्या गेटवर. सव्वादोन ते साडेदहा. सव्वाआठ तास. त्यातला हवेतला वेळ एक तास. मुलाखतीत मला पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘आर यू टायर्ड?’

परत येताना पैसे संपले होते, म्हणून नाइलाजाने ट्रेन. आणि इथेच माझ्या सगळ्या हिशोबाची फजिती झाली. मुलाखत आटोपून दोनला निघाले. दुपारची वंदे भारत पकडली. मुंबईची ही गाडी डहाणूला थांबत नाही, पण वापीला थांबते. अहमदाबाद ते वापी साडेतीन तासांच्या आत-बाहेर. वापीहून शेअर गाडी, पाऊण-एक तास. साडेसातला मी घरात चहा पीत होते. साडेपाच तास. खर्च? जाताना कॅब, इको, तिकीट धरून सहा हजार. येताना सगळं मिळून बाराशे.

आजीने विचारलं, ‘वरून आपलं घर दिसलं का गं?’ म्हटलं, दिसलं. ‘मग?’ म्हटलं, मग काय, पुढे गेले. तिने मान हलवली. तिच्या हिशोबाने दिसलेल्या घरावरून पुढे जाणं हा शुद्ध वेडेपणा होता.

त्या रात्री मी पुन्हा नकाशा उघडला. या वेळी शहरापासून नाही, घरापासून मोजलं. आणि जे निघालं ते बघून मी चाटच पडले. तलासरीहून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत साधारण ११५ किलोमीटर. सुरतचा ११०च्या आसपास. नाशिकचा ओझर विमानतळ तोही १०५ ते ११०. तीन दिशांना तीन विमानतळ आणि आपण तिघांपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर! एखाद्याने मुद्दाम कंपास घेऊन ‘विमानतळापासून शक्य तितकं लांब’ असा बिंदू शोधला असता, तर तो इथेच कुठेतरी पडला असता. त्यात ओझरला जायचं तर मध्ये सह्याद्री. जव्हार-मोखाड्याचे घाट चढून जाताना सरळ रेषेचे ते शंभर किलोमीटर किती होतात, हे त्या रस्त्याने एसटीत बसलेल्याला विचारा. दमणचा विमानतळ तर ३५ किलोमीटरवर आहे, पण तो कोस्ट गार्डचा. मुलाखतीला निघालेल्या मुलीला तिथून मुंबई-अहमदाबादसारखं रोजचं विमान मिळत नाही. नवी मुंबईचा नवा विमानतळ २०२५च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला, बातम्या सगळ्यांनी वाचल्या असतील. आपल्यासाठी तो म्हणजे ठाणे पार करून आणखी पुढे.

डहाणूवाल्यांचं थोडं बरं आहे. मुंबईचा विमानतळ त्यांना सरळ रेषेत शंभर किलोमीटर, सुरत सव्वाशे. शिवाय लोकल आहे. १६ एप्रिल २०१३ला चर्चगेटहून लोकल डहाणू रोडपर्यंत यायला लागली, तेव्हा मी शाळेत होते. तो दिवस डहाणूतल्या माझ्या मावशीला लग्नाच्या तारखेसारखा लक्षात आहे. चर्चगेट ते डहाणू रोड १२४ किलोमीटर. लोकलने अंधेरीला उतरून विमानतळ गाठता येतो, हायवेच्या जामपेक्षा ते जास्त भरवशाचं. फक्त पहाटेचं विमान असेल, तर ज्या लोकलने वेळेत पोचाल ती आदल्या रात्रीची असते. आणि विरारच्या पुढे गाड्यांमधली वेळ किती असते, हे रोज कॉलेजला जाणाऱ्यांना मी काय सांगू! विरार-डहाणू या ६४ किलोमीटरमध्ये तिसरी-चौथी लाइन टाकायचं काम चालू आहे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर आपल्या भागाचा वेळ सगळ्यात जास्त वाचवेल अशी एकच गोष्ट आहे, ती ही. विमान नाही, बुलेट ट्रेन नाही.

हो, बुलेट ट्रेन. ती आलीच. मुंबई-अहमदाबाद ५०८ किलोमीटर, वेग ताशी ३२०, मोजकेच थांबे घेणारी गाडी दोन तास सात मिनिटांत पोचणार असं सुरुवातीपासून सांगितलं गेलं. २०१७च्या सप्टेंबरमध्ये अहमदाबादला भूमिपूजन झालं. ५०८ पैकी १५६ किलोमीटर महाराष्ट्रात. आणि तो मार्ग जातो कुठून? पालघर, डहाणू, तलासरी. खांब आपल्या शेतांमधून. स्टेशनं मात्र बारा, त्यातली आपल्या जवळची दोन, बोईसर आणि त्यापुढची थेट वापी. मधल्या साठेक किलोमीटरमध्ये गाडी थांबणार नाही. डहाणू आणि तलासरी त्या मधल्या साठात.

विमान निदान जमीन मागत नाही. ते वरून जातं आणि आपल्याला फक्त दिवे दाखवतं. बुलेट ट्रेनसाठी लोकांनी जमीन दिली, काहींनी राजीखुशीने, काहींनी मोर्चे काढून झाल्यावर. बडोदा-मुंबई एक्स्प्रेस-वेसाठीही याच दोन तालुक्यांतून जमीन गेली. दोन मोठ्या शहरांमधलं अंतर कमी करायचं तर मधल्या लोकांना बाजूला सरकावं लागतं, हा इथला जुना अनुभव आहे. १८६४ला रेल्वे मुंबईपर्यंत जोडली गेली तेव्हापासूनचा. फरक एवढाच की जुनी रेल्वे डहाणूला थांबली. घोलवडला थांबली. म्हणून घोलवडचा चिकू मुंबई-दिल्लीला पोचला आणि डहाणू घोलवड चिकू हे नाव पुढे जीआय टॅगपर्यंत गेलं. चिकू झाडावरून उतरवल्यावर चार-पाच दिवसांत खावा लागतो. त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा वेळेची किंमत जास्त कळते. २०२१मध्ये हाच चिकू ब्रिटनला गेला, तेव्हा त्याची प्रतवारी झाली गुजरातमधल्या पॅकहाउसमध्ये. म्हणजे चिकूनेही तेच केलं जे आपण करतो. दवाखाना, नोकरी, खरेदी, मोठी ट्रेन, सगळ्यासाठी तलासरीकर वापीकडे तोंड करून उभा असतो, आणि सरकारी कागदासाठी पालघर-मुंबईकडे.

आता चर्चा आहे विमानतळाचीच. वाढवण बंदराला केंद्राने २०२४च्या जूनमध्ये मंजुरी दिली, ७६ हजार २०० कोटींचा प्रकल्प, ऑगस्टमध्ये पालघरला भूमिपूजन झालं. त्या बंदराच्या जवळ मुंबईचा आणखी एक विमानतळ उभारायची कल्पना राज्य सरकारने मांडली आहे. ऐकलं तेव्हा खरं सांगते, माझ्यातल्या त्या सव्वादोनला उठलेल्या मुलीने उडीच मारली. तलासरीहून तासाभरात विमानतळ! आणि मग मला किनाऱ्यावरच्या माझ्या मैत्रिणीची आठवण झाली. तिच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. वाढवण बंदराच्या विरोधात ती शाळेत असल्यापासून मोर्च्यात जाते. तिला मी फोन केला. ती म्हणाली, ‘तुझे सहा तास वाचतील, मान्य आहे. आमचा समुद्र कुठल्या टाइमटेबलमध्ये बसतो ते सांग.’ डहाणू तालुका १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे, हे तिने मला सुनावलं. मीही पर्यावरणाच्या पेपरात हे लिहून मार्क मिळवले होते. आमचं बोलणं त्या दिवशी कुठल्याच टोकाला पोचलं नाही, आणि अजूनही पोचलेलं नाही. पण एक तिचं मला पटलं. विमानतळ झाला तरी तो ‘मुंबईचा तिसरा’ म्हणूनच मोजला जाणार. डहाणूचा पहिला म्हणून नाही.

या हवाई रेघेचा इतिहास शोधताना मला एक नाव सापडलं, जे तुम्हाला माहीतच असेल. १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून एका छोट्या पस मॉथ विमानात टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले, अहमदाबादला थांबून मुंबईत जुहूला उतरले. सकाळी साडेसहाच्या सुमारास निघून दुपारी दोनच्या आत. रेडिओ नाही, खालून रस्ता सांगणारं कोणी नाही. अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले बैलगाडीतून. भारताच्या विमानसेवेची सुरुवात इथून मोजतात. त्या विमानाचा वेग ताशी १६०च्या आसपास धरला तर अहमदाबाद-मुंबई पावणेतीन तास. नकाशावर ती सरळ रेघही आपल्या डोक्यावरूनच जाते. आमच्या पणजोबांनी शेतातून मान वर करून बघितलं असेल का, हा विचार मला आवडतो, पण त्याला पुरावा काहीच नाही.

आणि बघा, १९३२ला पावणेतीन तास, आज तासभर हवेत. विमान इतकं बदललं. पण विमानतळापर्यंत आणि विमानतळापासून? अहमदाबादच्या माणसाला अर्धा तास, अंधेरीच्या माणसाला अर्धा तास, आणि आपल्याला साडेतीन. मामाने सांगितलेला एक तास त्याच्यासाठी बरोबरच होता. तो बोरिवलीतून मोजत होता. चूक माझी, मी त्याचा तास उचलून तलासरीला लावला.

त्यामुळे पुढच्या वेळी एंट्रन्स, मुलाखत, ट्रेकचं ट्रेनिंग किंवा मैत्रिणीचं लग्न, कशासाठीही तिकीट काढाल तेव्हा एक साधं काम करा. कागदावर पहिली वेळ लिहा ती घराचं दार लावल्याची, आणि शेवटची, जिथे खरंच पोचायचंय तिथल्या गेटची. मधलं सगळं भरा. रिक्षाची वाट, जामचा पाऊण तास, काउंटर बंद व्हायचे ६० मिनिटं, उतरल्यावर बॅगेचे वीस. चारशे-पाचशे किलोमीटरपर्यंत आणि जवळ चांगली ट्रेन असेल तर विमान बहुतेक वेळा हरेल. हजारच्या पुढे ते सहसा जिंकेल, आपण तलासरीत असलो तरी. दिल्लीसाठी मी आजही विमानच घेईन. नागपूरला? विमान मुंबईहून की नाशिकची ट्रेन, यावर घरात अजून भांडण चालू आहे, कारण मला पुढच्या महिन्यात जायचंय.

ती अहमदाबादची ॲडमिशन मिळाली नाही, विचारणाऱ्यांसाठी सांगून टाकते. वेटिंग लिस्टमध्ये सातवी होते. लिस्ट चौथ्यापर्यंत सरकली.

तुम्ही वाडा, विक्रमगड, जव्हार, डहाणू, तलासरी, कुठूनही असाल, तुमचा असा दारापासून दारापर्यंतचा एक खरा प्रवास आम्हाला लिहून पाठवा. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, खर्च आणि मध्ये कुठे अडकलात ते. निवडक प्रवास याच पानावर छापू. आणि कोणी घरावरून उडालं असेल, तर खिडकी डावी होती की उजवी तेही लिहा. डावीकडे बसलेल्यांना म्हणे डहाणूच्या थर्मल पॉवरची ती २७५ मीटरची चिमणी दिसते. माझ्या बाजूने ती दिसली नाही.